घर शोधून देणाऱ्या एजंटची सर्व्हिस – ५ पैकी ३ स्टार

सहा महिने घर शोधून दमलो आणि शेवटी एका एजंटची सर्व्हिस घेतली. माणूस वेळेचा पक्का, कागदपत्रं एकदम चोख, फोन कधीही करा उचलणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण एरियाबद्दल विचारलं की एकच पालुपद, "इथले भाव वर चाललेत, आत्ताच घ्या". अहो पण भाव वर जातात तेव्हा तिथून कोण बाहेर जातं ते पण सांगा ना! रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना याला जेंट्रिफिकेशन म्हटलं होतं, पैसेवाले येतात, भाडी चढतात आणि जुनी कामगार कुटुंबं हळूहळू हलतात, तेच इथे डोळ्यासमोर चाललंय.

एक फ्लॅट तर "रिकामा" म्हणून दाखवला आणि आत गेलो तर दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा, सगळ्यात वरची अगदी ताजी, आणि कोपऱ्यात अर्धी बांधलेली खोकी. भाडेकरूंना आमच्यासाठीच काढत होते. मला तिथे उभंच राहवेना, नाही म्हणून टाकलं.

तुम्ही जाल तर एजंटशिवाय रात्री एक चक्कर मारा, जुन्या दुकानदारांना भाडं किती वाढलं विचारा, आणि घरात कोणी राहतंय का हे टोकन द्यायच्या आधी लेखी घ्या. आम्ही नंतर मालक स्वतः राहत होता तेच घर घेतलं, थोडं लहान आहे.