एरिसेइरा, नाझारे की ताविरा? पोर्तुगालच्या किनाऱ्यावर दोन रात्रींसाठी

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी परतायचं असेल, तर किनाऱ्यावरचं एकच गाव धरा. दोन गावं जोडायला गेलात की शनिवार बसस्टँडवर जातो. आणि गाव ठरवण्याआधी हे ठरवा की समुद्रात पोहायचं आहे, सर्फिंग शिकायचं आहे, की राक्षसी लाटा पाहायच्या आहेत. या तिन्ही गोष्टी एका गावात मिळत नाहीत.

फोटो पाहून हमखास फसगत होते ती पाण्याच्या तापमानात. लिस्बनच्या उत्तरेला, म्हणजे एरिसेइरा आणि नाझारेला, भर ऑगस्टमध्येही पाणी साधारण १७ ते १९ अंश असतं. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. कोकण-गोव्याच्या कोमट समुद्राची सवय असलेली मुलं इथे दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाच्या आल्गार्व्ह प्रांतात पूर्वेकडे असलेल्या ताविराला त्याच दिवसांत पाणी २१ ते २३ अंश असतं. मुख्य हेतू पोहणं असेल तर निकाल इथेच लागला.

प्रवासात एरिसेइरा सर्वांत सोपं. लिस्बनमध्ये मेट्रोने कांपो ग्रांदेला उतरा, तिथून कारीश मेत्रोपोलिताना कंपनीच्या बसने तासाभरात गावात. गावात रेल्वे नाही. मार्गावर माफ्रा स्टेशन दिसतं म्हणून रेल्वेने जाऊ नका, ते माफ्रा गावापासूनच लांब आहे. नाझारे लिस्बनपासून सुमारे १२० किलोमीटर. सेते रिओस बसस्थानकावरून एक्सप्रेस बसला दोन तासांच्या आत-बाहेर लागतात. जवळचं रेल्वे स्टेशन वालादो दोस फ्रादेस ६ किलोमीटरवर आहे, पण त्या मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे बसच बरी. ताविराला जायला लिस्बनहून आल्गार्व्हमधल्या फारो शहरापर्यंत रेल्वेने तीन तास आणि पुढे लोकल गाडीने पाऊण तास. फारोला गाडी बदलताना वेळा जुळतीलच असं नाही. म्हणून लिस्बनमधून फक्त दोन रात्रींसाठी ताविरा धरू नये. लंडन किंवा जर्मनीतून थेट फारोला विमान मिळत असेल, तर मात्र ताविरासारखं दुसरं नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनी ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही हे लक्षात ठेवावं; शेंगेन व्हिसा वेगळा लागतो.

एरिसेइरा सर्फिंगचं गाव आहे. २०११ साली त्याला जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा मान मिळाला, युरोपात पहिला. पण ज्या लाटांमुळे नाव झालं त्या नवशिक्यांच्या नाहीत. कोशोश किनाऱ्याला पाण्याखाली खडक आहे. रिबेइरा द'इल्याश किनाऱ्यावर स्पर्धा होतात, तिथे गर्दीही असते. शिकणाऱ्यांना सहसा वाळूचा तळ असलेल्या फोज दो लिझांद्रोला नेतात. दीड-दोन तासांच्या सामूहिक वर्गाला अंदाजे ३५ ते ४० युरो पडतात, फळी आणि वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख) त्यातच. वर्ग सकाळचाच घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा चढतो, लाटा विस्कटतात आणि दमणूक दुप्पट होते. शिकायला मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जानेवारीत नवशिक्याच्या हाती काही लागत नाही. पाऊस लागला तर १० किलोमीटरवर माफ्राचा राजवाडा आहे. तिथल्या ग्रंथालयात रात्री वटवाघळं कीटक खाऊन पुस्तकं वाचवतात, आणि ते दालन खरोखर पाहण्याजोगं आहे.

नाझारेची गोष्ट पूर्णपणे महिन्यावर अवलंबून. किनाऱ्याला अगदी लागून समुद्रतळात एक दरी आहे, सुमारे ५,००० मीटरपर्यंत खोल जाणारी. खोल दरीतून लाट वेगाने येते, बाजूच्या उथळ तळावर तीच लाट मंदावते, आणि गावाच्या उत्तरेकडच्या प्राया दो नॉर्ते किनाऱ्यासमोर दोन्ही एकमेकींवर चढतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन सर्फर सेबास्टियान श्टॉइड्टनर इथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार झाला. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, पण त्यातही मोठे दिवस मोजकेच. दोन महिने आधी तारीख पक्की केली तर सपाट समुद्र दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून फुकट रद्द करता येईल अशी खोली घ्या आणि पाच-सहा दिवस आधी लाटांचा अंदाज पाहा: पश्चिम-वायव्येकडून येणाऱ्या लाटा, लागोपाठच्या दोन लाटांत १५ सेकंदांहून जास्त वेळ, आणि वारा मंद किंवा पूर्वेचा. हे जुळलं तर लगेच निघा.

पाहायची जागा म्हणजे सिटिओ या वरच्या वस्तीपलीकडचा साऊं मिगेल किल्ला, चालत पंधरा मिनिटं. वर जायला १८८९ पासूनची केबल रेल्वे आहे. देखभालीसाठी बंद असली तर पायवाट चढावी लागते, आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सी करा. वास्को द गामा भारताकडे निघण्यापूर्वी सिटिओच्या देवळात दर्शनाला आला होता अशी परंपरा आहे. उन्हाळ्यात गावासमोरच्या किनाऱ्यावर पोहता येतं, प्राया दो नॉर्तेला कधीही उतरू नये. लहान मुलं असतील तर १३ किलोमीटरवरची साऊं मार्तिन्यो दो पोर्तोची बंदिस्त खाडी जास्त सुरक्षित.

ताविराचा किनारा गावात नाही, समोरच्या वाळूच्या बेटावर आहे. गावातून थेट होडी फक्त उन्हाळ्यात सुटते. एरवी दोनेक किलोमीटरवरच्या क्वात्रो आग्वास धक्क्यावरून. परतीची शेवटची होडी धक्क्यावरच विचारून ठेवा. होडी नको असेल तर बारिल किनाऱ्यावर पूल ओलांडून चालत किंवा छोट्या आगगाडीने जाता येतं. तिथे जुन्या ट्यूना मासेमारीचे शेकडो नांगर वाळूत रांगेने रोवलेले आहेत. जवळचं सांता लुझिया गाव ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. हिवाळ्यात ताविरा शांत असतं आणि बऱ्याच खानावळी बंद.

किनारा कोणताही असो, पिवळा झेंडा असेल तर पोहायचं नाही, फक्त कडेला पाण्यात उभं राहायचं. लाल असेल तर पाण्यात पायही घालायचा नाही. जीवरक्षक साधारण जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच असतात.

मासे शनिवारीच खा, रविवारी सहसा ताजी आवक नसते. मासा किलोच्या भावाने लावला असेल तर भाजायला टाकण्याआधी वजन करून किंमत विचारा. न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज खाल्ले तर त्यांचे पैसे लागतात. नको असतील तर आल्या आल्या परत द्या. शाकाहारींनी जपावं: काल्दो व्हेर्द या कोबीवर्गीय पानांच्या सूपमध्ये सहसा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, आणि कॅफेच्या काचेत दिसणारा, गोव्याच्या वाटेने पोर्तुगालात गेलेला समोसाही बहुतेक वेळा मांसाचा. तिन्ही गावांत सुपरमार्केट आहेत, त्यामुळे घरात शाकाहारी असतील तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि तांदूळ, टोमॅटो, कडधान्याचे डबे शुक्रवारी रात्रीच आणून ठेवा.