ऑटोसोलची ट्यूब आणि जुनी ॲल्युमिनियमची बोट

बुलेटचा सायलेन्सर चमकवणारे ऑटोसोल या धातू चमकवण्याच्या पेस्टची ७५ मिलीची ट्यूब ओळखतात. ॲल्युमिनियमवरही ती उत्तम चालते. पण वर्षानुवर्षं उन्हापाण्यात पडलेल्या बारा फुटी बोटीसाठी घेत असाल, तर ती काय करते आणि काय करत नाही हे आधी समजून घ्या. ही पेस्ट बारीक ओरखडे झिजवून शेवटचा हात देते, एवढंच. राखाडी, खरखरीत पत्र्यावर थेट चोळली तर ट्यूब संपते, कापड काळं होतं आणि पत्रा होता तसाच चट्टेरी राहतो.

खरं काम ट्यूब उघडण्याआधीचं. सर्वांत आधी गळती तपासा. बोट कण्याखाली जवळजवळ ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवून आत तीन-चार इंच पाणी भरायचं (हे वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, ठोकळे कमी नकोत) आणि ज्या रिव्हेटपाशी थेंब धरतो तिथे मार्करने खूण करायची. पॉलिशनंतर गळती बुजवायला गेलात तर पेस्टचा तेलकट थर सीलंटला धरू देत नाही.

पाण्याच्या रेषेवरचा क्षारांचा पांढरा पट्टा निंबूसताने (सायट्रिक ॲसिडने) निघतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम घालून फवारा, दहा मिनिटं ओलं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. नागपुरात मार्चनंतर हे भर उन्हात करू नये. द्रावण सुकलं की नवे डाग पडतात. तिथल्या इतवारीतल्या लोहाओळी बाजारात क्लीनर घेताना ‘यात कॉस्टिक आहे का’ हे आधी विचारा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन सुटतो आणि पत्रा काळपट पडतो. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनरही तितकाच वाईट. लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल तर नकोच. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियम सडायला लागतं. त्याऐवजी मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट वापरा.

मग वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक): ४००, ६००, ८००, १०००, १५००. एक नंबर आडवा मारला तर पुढचा उभा, म्हणजे आधीच्या रेघा उरल्या की लगेच दिसतात. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. ८०० ची राहिलेली रेघ पेस्ट लपवत नाही, उलट चमकवून दाखवते. बादलीत भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि पत्रा सतत ओला ठेवा. कोरडं घासलं तर उडणारी ॲल्युमिनियमची धूळ पेट घेऊ शकते; शेजारी लोखंडाचं ग्राइंडिंग चालू असेल तर धोका आणखी. पांढऱ्या भुकटीखालचे खोल खड्डे मात्र तसेच राहू द्या. जुन्या बोटींचा पत्रा साधारण दीड-दोन मिलीमीटरचा असतो, खड्डा जाईपर्यंत घासायचं म्हणजे तळ पातळ करायचा.

आता ट्यूब. वाटाण्याएवढी पेस्ट, वीतभर चौकोन, जुन्या सुती बनियनचा तुकडा. काळा मळ निघतो तो झिजलेल्या धातूचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही; कापडाची बाजू मात्र बदलत राहा. पेस्ट वाळायच्या आत पुसली पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर ती लगेच खपलीसारखी धरते, म्हणून हे काम हिवाळ्यात किंवा सावलीत सकाळी लवकर. रिव्हेटच्या कडेला अडकलेला मळ टूथब्रशने काढा, आणि शेवटी चिमूटभर मैदा भुरभुरून कोरड्या कापडाने पुसा, राहिलेला तेलकटपणा मैदा ओढून घेतो.

दोन हात मारायचे तर एक ट्यूब दहा-बारा चौरस फुटांत संपते. बोटीच्या फक्त दोन बाजू, पाण्याच्या रेषेवरच्या, धरल्या तरी तीन ट्यूब लागतील. पाण्याखालचा भाग चमकवण्यात काही हशील नाही. पूर्ण बोटच करायची असेल तर स्पीड कमी-जास्त होणारं पॉलिशर, सुती बफ, आधी तपकिरी मग पांढरा बफिंग साबण, हा मार्ग स्वस्त आणि झटपट. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. पत्रा तापतो, बफ रिव्हेटच्या डोक्यात अडकतो आणि डोकं झिजलं की तिथूनच गळती. ऑटोसोलची जागा कोपरे, हँडल, वरची कडेची पट्टी आणि मशीन न पोहोचणाऱ्या सांध्यांत. तिथे तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

ही चमक उघड्यावर फार टिकत नाही, ऑक्साइडचा थर पुन्हा धरतोच. वरून कार्नोबा वॅक्सचा हात द्या आणि बोट ताडपत्रीखाली ठेवा. पण ताडपत्री पत्र्याला चिकटून नको, खाली हवा खेळली नाही तर अडकलेल्या ओलीने पांढरे डाग परत येतात. एखादी पट्टी किंवा क्लीट (दोर बांधायची खुंटी) ॲनोडाइज केलेली असेल तर तिला ही पेस्ट लावूच नका, संरक्षणाचा थरच निघून जाईल. तिला साबणपाणी पुरे.