थंडीतल्या ट्राउटची शिकवणी : ग्रेट स्मोकी माउंटन्समधील एका मार्गदर्शक सेवेविषयी

जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मार्गदर्शक घेऊन ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने करायच्या मासेमारीला, जाण्याचा विचार असेल, तर पूर्ण दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाची सेवा घ्यावी आणि तीही सकाळी अकराच्या पुढची, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. टेनेसीच्या बाजूच्या ज्या छोट्या सेवेबद्दल मी लिहीत आहे, तिने शिकवण्यात काहीही कसूर केली नाही. तिच्या वेळापत्रकाबद्दल आणि भाड्याच्या साहित्याबद्दल मात्र तक्रारीला जागा आहे.

ट्राउटच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते. पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याची भूक मंदावते आणि प्रवाहाशी झुंजण्याऐवजी तो संथ डोहाच्या तळाशी पडून राहतो. आम्ही सकाळी लवकर लिटल रिव्हरच्या काठावर उतरलो, तेव्हा मार्गदर्शकाने दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला आणि तो ३८ अंशांवर थांबला. दुपारी डोहावर ऊन आल्यावर त्याच जागी ४३ अंश भरले, आणि ज्या डोहात सकाळभर काहीच हालचाल नव्हती तिथेच पहिला मासा गळाला लागला. सकाळचे तास दोरी फेकण्याच्या सरावात आणि काठीच्या कड्यांत गोठणारे पाणी झटकण्यात गेले. सराव उपयोगी होता हे खरे. पण तो गवतावरही करता येतो, आणि त्यासाठी पूर्ण दिवसाचा दर आकारणे मला पटलेले नाही.

शिकवणी मात्र अव्वल होती. उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणाऱ्या माशीवर ट्राउट झेपावतो. हिवाळ्यात आमिष त्याच्या तोंडापाशी नेऊन द्यावे लागते. म्हणून इथे वजनदार निंफ, म्हणजे कीटकांच्या पाण्यातील अवस्थेची नक्कल, तळालगत वाहू द्यायची असते, आणि ती प्रवाहाच्याच गतीने वाहिली पाहिजे. दोरी जरा जरी ताणली गेली तरी मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. ज्यांनी कोकणात खाडीकाठी गळ टाकला आहे त्यांचा हात झटक्याची वाट पाहण्यात तयार झालेला असतो. इथे झटका बहुधा येतच नाही. पाण्यावरची तरंगती खूण क्षणभर अडखळते, एवढेच. त्या अडखळण्यावर काठी उचलायची असते, आणि मार्गदर्शकाने माझ्या खांद्याशी उभे राहून दर वेळी ‘आता’ असे हलक्या आवाजात सांगितले, तेव्हा कुठे ते डोळ्यांत बसले. त्याने एक गोटा उलटून त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली स्टोनफ्लाय या ओढ्यातल्या कीटकाची चपटी पिल्ले दाखवली; काठावरच्या बर्फावर याच जातीच्या काळ्या बारीक माश्या चालत होत्या. पेटीतल्या शंभर कृत्रिम माश्यांतून कोणती निवडायची, हा प्रश्न त्या एका दगडाने सोडवला.

या सेवेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले अंग म्हणजे ओढ्याविषयीची तिची आस्था. ब्राउन आणि ब्रुक या जातींचे ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतात आणि ती अंडी हिवाळाभर तिथेच असतात. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ, नुकती घासल्यासारखी दिसणारी खडी कशी ओळखावी आणि तिच्यावर पाय का ठेवू नये, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगितले गेले. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला होता, आणि गोठणाऱ्या हवेत कल्ल्यांना इजा होते म्हणून मासा छायाचित्रासाठीही पाण्याबाहेर धरू दिला नाही. या डोंगरांत मूळचा ट्राउट ब्रुक हा एकच. रेनबो अमेरिकेच्या पश्चिमेकडून आणि ब्राउन युरोपातून आणलेला. लाकूडतोडीने आणि या पाहुण्यांनी ब्रुकला उंचावरच्या ओहोळांत रेटले, आणि तो काही प्रमाणात सावरल्यानंतरच, २००६ मध्ये, उद्यानाने त्याच्या मासेमारीवरची जुनी बंदी उठवली. उद्यान आता ओढ्यांत बाहेरून मासे सोडत नाही, त्यामुळे गळाला लागतो तो तिथेच जन्मलेला मासा असतो. तो वीतभरच असतो, याची तयारी ठेवावी. मोठा मासाच हवा असेल तर नॉरिस धरणाखालची क्लिंच नदी बरी, कारण धरणाच्या तळातून येणाऱ्या पाण्याचे तापमान ओढ्यांइतके खाली-वर होत नाही. पण तिथे डोंगरी ओढ्याचे वाचन शिकता येत नाही.

आता साहित्याविषयी. काठी आणि रीळ उत्तम होते, खिळे असलेल्या तळव्याचे बूट गुळगुळीत खडकांवर घट्ट रोवले जात होते. भाड्याचा वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, मात्र डाव्या टाचेच्या शिवणीत झिरपत होता. उन्हाळ्यात ही बाब किरकोळ ठरली असती. ३८ अंशांच्या पाण्यात ती धोक्याची आहे, कारण भिजलेला पाय आधी दुखतो, मग बधिर होतो आणि खडकावर टेकला की नाही हेच कळेनासे होते. मार्गदर्शकाने तत्काळ कोरडे लोकरी मोजे दिले, पण माझ्या मापाचा दुसरा वेडर गाडीत नव्हता. हिवाळ्यात पैसे घेणाऱ्या सेवेने प्रत्येक वेडर आदल्या दिवशी तपासलाच पाहिजे.

परवान्याची बाब सोपी आहे. टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलिना यांपैकी कोणत्याही एका राज्याचा परवाना संपूर्ण उद्यानात चालतो आणि ट्राउटचा वेगळा शिक्का, म्हणजे जादा परवाना, लागत नाही. मात्र मार्गदर्शकाकडे उद्यानात व्यवसाय करण्याची परवानगी आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारावे.

आरक्षण करताना आणखी एक गोष्ट लेखी घ्यावी. बर्फ पडला की उद्यानातील रस्ते बंद होतात आणि दिवस रद्द होतो; अशा वेळी ही सेवा पैसे परत करत नाही, पुढची तारीख देते. नॉक्सव्हिलमध्ये राहणाऱ्याला ते चालेल, पण अटलांटा किंवा शार्लटहून काही तास गाडी हाकत येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ही अट जाचक आहे. मी फेब्रुवारीच्या अखेरीस याच मार्गदर्शकाकडे पुन्हा जाणार आहे, दुपारच्या सत्राला आणि स्वतःचा वेडर घेऊन.