आरोप होताच पायउतार, की निकालापर्यंत खुर्चीवर?

सत्तेवरच्या नेत्याने चौकशीची चाहूल लागताच पद सोडावं, असं एक मत. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष क्रिस्टियान वुल्फ यांनी २०१२ मध्ये तेच केलं: सरकारी वकिलांनी त्यांचं कायदेशीर संरक्षण काढण्याची मागणी केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. खटला शेवटी सुमारे ७०० युरोंचा पाहुणचार घेतल्याच्या आरोपावर आला. २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले, पण पद गेलं ते गेलंच. ही किंमत मला खरोखर टोचते.

दुसरं मत, दोष सिद्ध झाल्यावरच. इस्रायलमध्ये २०२० साली नेतन्याहूंवर खटला उभा राहिला तेव्हा ते पंतप्रधानपदीच होते. सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे खरंच. पण ते तत्त्व माणसाला शिक्षेपासून वाचवतं, खुर्चीची हमी देत नाही. फाइल त्याच्याच टेबलावर, साक्ष देणारा कारकून त्याच्याच हाताखाली, त्या कारकुनाची बदलीही त्याच्याच सहीने. तो तोंड उघडणार कसा?

म्हणून माझा कौल असा: नुसत्या तक्रारीवर नको, आरोपपत्र दाखल होताच बाजूला व्हावं. तपासयंत्रणा त्याच्याच खात्यात असेल तर त्याआधीच. मात्र खटल्याला मुदत हवी, आणि सुटला तर उरलेल्या काळासाठी पद सन्मानाने परत मिळावं.