परदेशी लॅबला काय पाठवावं: कल्चर की जीनचा सिक्वेन्स?

आपल्या मातीतल्या जिवाणूचं एखादं एन्झाइम परदेशातल्या सहकाऱ्याला हवं असेल, तर दोन रस्ते आहेत. कल्चर, म्हणजे वाढवलेला जिवंत जिवाणू, पाठवायचं, नाहीतर जीनचा सिक्वेन्स, म्हणजे त्याच्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम, पाठवायचा आणि त्यांनी तिकडे जीन तयार करून घ्यायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

कल्चरची बाजू भक्कम आहे. जिवाणूच हातात असला की त्याची प्लास्मिडं (मुख्य डीएनएपासून वेगळी असलेली डीएनएची छोटी वर्तुळं), त्याची वाढ, ज्या जीनचा आपल्याला अजून पत्ताही नाही ते सगळं सोबत जातं. नुसत्या सिक्वेन्समध्ये ही सोय नाही.

अडलं ते कागदांवर. माझा जिवाणू बॅसिलस सिरियस गटातला, शेतातल्या मातीतून मिळालेला. काम कायटिनेजवर, म्हणजे कायटिन तोडणाऱ्या एन्झाइमवर. दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या भारताच्या 'स्कोमेट' यादीत तो नाही. पण त्याच गटातला बॅसिलस अँथ्रासिस, म्हणजे अँथ्रॅक्सचा जिवाणू, यादीत आहे. पार्सलवर 'बॅसिलस' दिसलं की विचारणा सुरू होते, आणि 'तो हा नव्हे' हे दाखवायचं काम आपल्यावर येतं. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या १६एस जीनचा रिपोर्ट इथे पुरत नाही, कारण या गटात १६एस जवळजवळ सारखाच असतो. पूर्ण जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, सिक्वेन्स करून अँथ्रॅक्सची दोन्ही प्लास्मिडं नाहीत हे दाखवलं, तेव्हा कुठे पार्सल हललं. तोवर कुरिअरच्या गोदामात ड्राय आइस पुन्हा पुन्हा भरून घ्यावा लागला. आणि सहकाऱ्याला हवा असलेला जीन त्याच जीनोमच्या फाइलमध्ये होता! नळी पाठवायलाही आधी सिक्वेन्स करावाच लागणार असेल, तर नळी कशासाठी, हा प्रश्न मला तिथे पडला आणि माझ्यापुरता तिथेच सुटला.

सिक्वेन्स पाठवला म्हणजे कायद्यातून सुटलो, असं मात्र समजू नका. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी संस्थेला देण्यावर जैवविविधता कायद्याचं बंधन आहे. २०२५ च्या लाभवाटप नियमांत डिजिटल सिक्वेन्स माहितीचाही विचार झाला आहे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे दोन्ही रस्त्यांसाठी आधी चौकशी करावी, हे उत्तम. माहितीही निर्यात ठरू शकते, हे नेदरलँड्समध्ये २०१२ साली दिसलं: विषाणूशास्त्रज्ञ रॉन फूशिए यांना बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूवरचा शोधनिबंध छापायला पाठवण्याआधी निर्यात परवाना घ्यावा लागला होता. सिक्वेन्सवरून जीन तयार करून देणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या ऑर्डरचा सिक्वेन्स आणि ग्राहक, दोन्ही तपासतात. ही तपासणी मला योग्यच वाटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात कॅनडातल्या गटाने टपालाने मागवलेल्या डीएनए तुकड्यांपासून हॉर्सपॉक्स हा देवीच्या विषाणूचा नातेवाईक विषाणू उभा केला होता, हे विसरून चालणार नाही. कायटिनेजसारख्या निरुपद्रवी एन्झाइमचा जीन मात्र या चाळणीतून सहसा सुखरूप जातो. आमचा तर गेलाच.

तुमचं काम एका-दोन जीनांचं असेल, तर माझ्या मते सिक्वेन्सच बरा. पूर्ण जिवाणूचं वर्तन अभ्यासायचं असेल, किंवा एन्झाइम कुठल्या जीनमधून येतं हेच अजून ठरलं नसेल, तर कल्चरला पर्याय नाही. तेव्हा ते फ्रीझ-ड्राय करून पाठवा, म्हणजे ड्राय आइसची कटकट राहत नाही. आणि जीनोमचा रिपोर्ट पहिल्याच अर्जाला जोडा, कोणी मागायची वाट पाहू नका.