सहा महिने छापील पेपर: खेळ, राजकारण आणि धाकटा भाऊ

1 जुलै 2025 ला घरी पुन्हा पेपर सुरू केला आणि त्याच दिवशी फोनवरची सोशल मीडियाची सगळी अ‍ॅप्स काढून टाकली. व्हॉट्सअ‍ॅप ठेवलं, कारण पतसंस्थेत कॅशियर आहे आणि तिथली निम्मी कामं त्यावर चालतात. पण घरच्या आणि गल्लीच्या ग्रुपमधून बाहेर पडले. डिसेंबरअखेर सहा महिने झाले. पेपर कोणता ते लिहीत नाही. मराठीतलं एक मोठं दैनिक आहे आणि आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो, एवढं पुरे.

सुरू का केला ते आधी सांगते. जूनमध्ये शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवायचा विषय पेटला होता. घरच्या ग्रुपवर आम्ही त्रेसष्ट जण. माझा धाकटा भाऊ चिंचवडला असतो. त्याचं म्हणणं, पोरं एक भाषा जास्त शिकली तर बिघडलं कुठं. माझं म्हणणं, सहा वर्षांच्या पोराला आधी त्याची स्वतःची भाषा नीट लिहू द्या. मत वेगळं असणं यात नवीन काही नाही, आम्ही लहानपणापासून भांडतोय. पण ग्रुपवर मी एक लिहायची, तो दुसरं, मध्ये चुलतभाऊ कुठलं तरी व्यंगचित्र टाकायचा, मामी अंगठा दाखवायची, आणि प्रत्येक अंगठ्यागणिक आम्ही दोघं जास्त कडक होत गेलो. एका रात्री मी त्याच्या बायकोच्या माहेरावरून बोलले. ते लिहायला नको होतं. सकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडलेला दिसला आणि नंतर त्यानं माझा फोनही उचलला नाही.

29 जूनला सरकारनं दोन्ही शासन निर्णय रद्द केले. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या पेपरात सगळं एका चौकटीत छापलेलं वाचलं: 16 एप्रिलच्या निर्णयात हिंदी अनिवार्य होती, 17 जूनच्या निर्णयात तो शब्द जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आला, आणि वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तर दुसरी भाषा मिळेल अशी अट होती. मी तो निर्णय वाचला नव्हता, भावानंही नव्हता. त्रेसष्टातल्या एकानंही वाचला नसावा. दहा दिवस आम्ही ज्या कागदावरून एकमेकांना ओरबाडत होतो तो कागद कुणी बघितलाच नव्हता. त्याच दिवशी पेपरवाल्या काकांना सांगून आले, उद्यापासून आमच्याकडं टाका.

पहिला महिना जड गेला. दुपारी कॅशची खिडकी मोकळी झाली की बोट आपोआप फोनवर जायचं. सकाळी सहालाच जाग यायची आणि पेपर सातला. पावसाळ्यात काका प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकायचे तरी कडा ओल्या व्हायच्या, मग पानं तव्याशेजारी ठेवून वाळवायची. 16 ऑगस्टला अंक नाही, दिवाळीत नाही. या सुट्ट्या मी विसरूनच गेले होते. आमचे सासरे, आप्पा, मात्र पहिल्या दिवसापासून खूश. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मथळे ते वाचतात आणि आतला मजकूर मी किंवा माझी मुलगी मोठ्यानं वाचते. ओसरीवर चहाबरोबर वीस मिनिटं.

आता खेळाचं पान, कारण पेपरचे पैसे मी मुख्यतः त्यासाठी देते. कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खो-खो खेळले आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही ऑफिसातल्या शिपायाकडून. दिवसभर फोन हातात होता आणि त्यात कुठल्या क्रिकेटपटूनं कुणाला काय टोमणा मारला याचेच व्हिडिओ येत होते. ते मला आजही लागतं.

पेपरात क्रिकेटला जास्त जागा मिळते, ही माझी तक्रार आहेच, पण बाकीच्यांना कोपरा तरी असतो. 29 जुलैला दिव्या देशमुख पहिल्या पानावर होती. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी, जॉर्जियात बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. ग्रँडमास्टर व्हायला जे नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांतली ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात त्यातला एकही नसताना ती स्पर्धेला गेली आणि जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. नॉर्म म्हणजे काय हे त्या बातमीखालच्या चौकटीत होतं. आप्पांनी ती चौकट दोनदा वाचायला लावली. आणि कुस्ती! मैदान झालं की आतल्या पानावर निकाल येतात: पहिल्या क्रमांकाची कुस्ती कुणी मारली, दुसऱ्या क्रमांकाची कितव्या मिनिटाला, घिस्सा डावावर की एकेरी पटावर. आप्पा तरुणपणी तालमीत होते. ‘ढाक लावून चितपट’ एवढे तीन शब्द वाचले की ते ओसरीवरच हात पुढं करून पकड दाखवतात. माझ्या मुलीनं हे आधी कधी पाहिलं नव्हतं.

ओव्हलची कसोटी विसरणार नाही. 4 ऑगस्ट, इंग्लंडला 35 धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक. मी खिडकीवर होते, काही बघता आलं नाही. संध्याकाळी टीव्हीवर सहा धावांनी जिंकलो एवढं कळलं. पण खरी मजा 5 तारखेच्या धावफलकात आली. सिराज 104 धावांत 5 बळी. इंग्लंडच्या डावात शेवटी ‘वोक्स नाबाद 0’. मुलीनं विचारलं, शून्य करून नाबाद म्हणजे काय? मग बातमीत सापडलं की खांदा निखळलेला ख्रिस वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात उतरला होता आणि त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. नुसत्या आकड्यांच्या रांगेत एवढं सगळं दडलेलं होतं. मुलगी आता धावफलक स्वतः वाचते, आणि कुठल्या जोडीनं सामना फिरवला ते मला सांगते.

नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला घरच्या मैदानात दोन्ही कसोटींत हरवलं, कोलकात्यात 30 धावांनी, गुवाहाटीत 408 धावांनी. मला राग आला. आधीच्या वर्षी न्यूझीलंडकडून तिन्ही हरलो तेव्हाही आला होता, पण तेव्हा तो रात्री दीडपर्यंत टिकला, कारण फोनवर कुणी प्रशिक्षकाला शिव्या घालत होतं, कुणी खेळाडूच्या बायकोला. या वेळी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी कोलकात्याच्या खेळपट्टीवर लिहिलं होतं: अशा खेळपट्ट्या करून आपलेच फलंदाज फिरकी खेळायला विसरले. मला पटलं. आप्पांना पटलं नाही. चहा संपेपर्यंत वाद झाला आणि ते आंघोळीला गेले.

आता पेपरचा मोठा दोष, आणि तो माझ्या अगदी जिव्हारी लागला. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत. पावसामुळं सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला आणि संपता संपता मध्यरात्र झाली. आम्ही सगळी टीव्हीसमोर जागी होतो. हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला तेव्हा मी रडले. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, या स्पर्धेत भारताकडून सगळ्यांत जास्त 434 धावा तिच्या. आमच्या वेळी मुलींना मैदानावर पाठवायला घरचे तयार नसायचे, त्या जिल्ह्याची पोरगी जगज्जेती झाली! सकाळी साडेसहापासून मी दारात उभी. अंक उघडला, तर पहिल्या पानावर ‘भारताच्या 298 धावा’. एवढंच. आमची आवृत्ती लांब जाते म्हणून आधी छापली जाते आणि निकाल त्यात बसलाच नव्हता. तालुक्याच्या वाचकानं पैसे तेवढेच द्यायचे आणि अंक मात्र अर्धा घ्यायचा, हा अन्याय आहे आणि मी तसं पत्रानं कळवलंही आहे. 4 तारखेला सगळं सविस्तर आलं, पण तो आदल्या सकाळचा मथळा हवा होता.

नोव्हेंबर संपता संपता स्मृतीच्या घरच्या खासगी गोष्टीवरून लोकांच्या फोनवर जे चाललं होतं ते ऑफिसात कानावर यायचं. तिला अखेर स्वतः सांगावं लागलं की आता हा विषय थांबवा. छापील पेपरनंही त्यावर नको तेवढी जागा खर्च केली. तिथं मला त्याची बाजू घेता येत नाही.

राजकारणात पेपरचा उपयोग झाला तो ऑक्टोबरमध्ये. नगरपालिकेच्या निवडणुका लागणार होत्या, इतकी वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. तालुक्याच्या पानावर चार ओळींची बातमी: प्रारूप मतदार याद्या लागल्या, हरकतीला थोडेच दिवस. जाऊन बघितलं तर मुलीचं नाव, तिचं पहिलंच मतदान, ओढ्यापलीकडच्या प्रभागात टाकलेलं. हरकत दिली, दुरुस्त झालं. दुबार वाटणाऱ्या नावांपुढं दोन चांदण्या असतात हेही तिथंच वाचलं. हे फोनवर कुठंच दिसत नव्हतं. तिथं फक्त मुंबईत कोण कुणाला भेटलं एवढंच.

पण त्याच पानानं प्रचारात माझा विश्वासही तोडला. आमच्या प्रभागातले दोन उमेदवार, एकाच दिवशी, एकाच पानावर. एकाच्या बातमीत ‘मतदारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, विजय निश्चित’, दुसऱ्याच्याही बातमीत तेच. खाली जाहिरात असा शब्द नाही. पैसे घेऊन छापायचं असेल तर तसं लिहा. गटार, पाण्याची वेळ, घंटागाडी याबद्दल दोघांना एकही प्रश्न विचारलेला नव्हता. इतर वेळीही ते पान निवेदन देणाऱ्या दहा जणांच्या फोटोंनी आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांनी भरतं. त्या पुरवण्या मी न उघडता रद्दीत टाकते.

2 डिसेंबरला मतदान झालं. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी होती, पण काही ठिकाणची मतदानं 20 तारखेवर गेल्यामुळं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांची मोजणी एकदम 21 ला घ्यायला सांगितली. त्या एकोणीस दिवसांत गावात रोज नवा निकाल लागत होता. ऑफिसात रोज कुणीतरी फोन पुढं करायचं, ‘हे बघा, आतून बातमी आलीय’. पेपरात त्या दिवसांत मतयंत्रं कुठं ठेवलीत आणि बाहेर कोण पहारा देतंय एवढंच यायचं. मला तेवढं पुरलं. आमचा माणूस पडला. 22 तारखेच्या अंकात प्रभागवार आकडे होते, आमच्याच बूथवर कमी पडलेला.

खर्च: महिन्याचं बिल 170 च्या आसपास, काकांच्या घरपोचच्या पैशांसकट. रद्दीचे परत थोडे येतात, पण आमच्याकडं रद्दी साठतच नाही. भाकरीखाली, कपाटात, मुलीच्या वहीला कव्हर.

आता भाऊ. राखी 9 ऑगस्टला होती. तो येईल असं वाटत नव्हतं, पण आला. मी माफी मागितली, सगळ्यांसमोर नाही, स्वयंपाकघरात. त्याच्या घरीही तोच पेपर येतो, पुणे आवृत्ती. तेव्हापासून तो सकाळी ऑफिसच्या बसमधून फोन करतो, ‘ताई, तुझ्या सातव्या पानावर काय आहे?’ त्याच्यात मेट्रो असते, माझ्यात ऊसदर. हिंदीवरून आमचं अजून पटलेलं नाही. परवाच त्यावरून अर्धा तास झाला, पण ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. त्याला खोकला आला तेव्हा मी थांबले, आणि मला शब्द सापडेना तेव्हा तो थांबला.

3 नोव्हेंबरच्या सकाळी त्यानं सातलाच फोन केला होता. ‘तुझ्यात आलंय का?’ मी म्हटलं, नाही रे, 298 वरच थांबलाय. तो काही बोलला नाही. तीन दिवसांनी स्वारगेटहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं पिशवी दिल्याचा निरोप आला. आत पुणे आवृत्ती होती, घडी न मोडलेली, वर संघाचा पानभर फोटो. आमचा अर्धा अंक आणि त्याचा पुरा अंक, दोन्ही एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून मी मुलीच्या खो-खोच्या प्रमाणपत्रांबरोबर ठेवलेत.

जानेवारीचं बिल देताना काकांना सांगितलं, रविवारी एक अंक जास्त टाका. मैदानावर सरावाला येणाऱ्या पोरींना नेऊन देते. काका म्हणाले, ‘खेळाचं पान तेवढं परत आणा, माझी नात मागती.’