सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर १.५ च्या आत : हॅमचा पहिला अँटेना घेताना होणारी फसवणूक

तळहाताएवढा काळा प्लास्टिकचा डबा, त्यातून निघालेली १२ मीटर तार आणि सोबत १५ मीटर बारीक केबल. किंमत साडेआठ हजार, पैसे आगाऊ. जाहिरातीत लिहिलं होतं : १.८ ते ५४ मेगाहर्ट्झ, ट्यूनरची गरज नाही, गेन ९ डीबी, गच्चीवर कुठेही टाका. सोलापुरात नुकताच परवाना हाती पडलेल्या एका नव्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याने, तो घेतला. जोडल्यावर एसडब्ल्यूआर मीटरचा काटा जाहिरातीत दाखवला तसाच खाली राहिला. पण सकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) पुण्याची आणि हैदराबादची स्टेशनं जेमतेम कुजबुजल्यासारखी येत होती आणि त्याच्या हाकेला कुणी उत्तर देत नव्हतं. विक्रेता आधी म्हणाला, तुमच्याकडे कंडिशन (लहरी पोचण्यासाठी वातावरणाची स्थिती) खराब आहे. मग म्हणाला, पॉवर वाढवा. नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

डब्याच्या तोंडाशी एम-सील थापलेलं होतं. ते स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यावर आत ना टोरॉइड (फेराइटची रिंग) निघाला ना कॉइल. तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचे वीस कार्बन रेझिस्टर एका ओळीत समांतर डाग देऊन लावले होते. एक किलोओहमचे वीस समांतर, म्हणजे बरोबर ५० ओहम. सॉकेटच्या मधल्या पिनेपासून बॉडीपर्यंत ती ओळ, आणि त्याच पिनेला १२ मीटर तार. बस, एवढाच अँटेना.

ही फसवणूक चालते, कारण नव्या माणसाला एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते : एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगला. हे खरं नाही. एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) एवढंच सांगतो की पाठवलेल्या शक्तीतली किती परत आली. जी परत आली नाही ती हवेत गेली की उष्णता झाली, हे त्या काट्याला कळत नाही. डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर १ असतो, आणि त्याचं कामच मुळी सिग्नल बाहेर न सोडण्याचं आहे.

या डब्याचा हिशेब मांडून बघा. सोबतची केबल आरजी-१७४, जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाडीची. १४ मेगाहर्ट्झवर तिच्या १५ मीटरमध्ये सुमारे २ डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे रिगमधून (रेडिओ संचातून) निघालेल्या ५० वॅटपैकी डब्यापर्यंत पोचतात साधारण ३१. त्या बँडवर १२ मीटर तार अर्ध्या तरंगलांबीच्या जवळपास येते आणि टोकाशी तिचा इम्पिडन्स (रेडिओ लहरींना होणारा विरोध) खूप जास्त असतो. तो हजार ओहम धरला तरी शेजारच्या ५० ओहमच्या वाटेने वीसपट शक्ती जाते. तारेच्या वाट्याला येतो दीड वॅट, बाकी सगळा रेझिस्टरांच्या शेकोटीत. ऐकण्याचंही तेच : तारेत आलेला सिग्नल रेझिस्टर खातात आणि उरलेल्यातलं केबल खाते.

रेझिस्टर लावलेले प्रामाणिक अँटेनाही असतात. टर्मिनेटेड फोल्डेड डायपोल हा जुना आणि मान्य प्रकार आहे (डायपोल म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार). पण विकणारा आधीच सांगतो की यात काही शक्ती जाळून पट्टा रुंद केला आहे, आणि त्यावर ‘गेन ९ डीबी’ लिहीत नाही.

तपासायला नॅनोव्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार एसडब्ल्यूआरचा आलेख काढणारं छोटं यंत्र) असेल तर उत्तम. खऱ्या तारेच्या अँटेनाच्या आलेखात ठरावीक फ्रिक्वेन्सीला खोल दरी दिसते आणि बाकी ठिकाणी रेघ वर चढलेली असते. १ ते ५० मेगाहर्ट्झ रेघ सपाट पडली असेल तर समोर रेझिस्टर आहे असं समजा. नॅनोव्हीएनए नसेल तर घरातला मल्टीमीटरही बरंच सांगतो. केबल काढून टाका आणि थेट डब्याच्या सॉकेटवर, मधली पिन आणि बॉडी यांच्यात ओहम मोजा. साध्या डायपोलला किंवा करंट बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यातला जुळवणारा भाग) लावलेल्याला मीटर अनंत दाखवतो. ट्रान्सफॉर्मर किंवा व्होल्टेज बॅलन असेल तर जवळजवळ शून्य. ४० ते ६० च्या मधला आकडा आला की लगेच विक्रेत्याला लिहून विचारा, आत काय आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे लपवलेला रेझिस्टर मात्र या मापात सापडत नाही, तिथे दुसरी चाचणी करा : तार डब्यापासून सोडवा आणि एसडब्ल्यूआर पुन्हा बघा. अँटेना खरा असेल तर काटा उसळलाच पाहिजे. तार काढूनही काटा जागचा हलत नसेल, तर ती तार शोभेची आहे. ही चाचणी मीटर डब्याजवळ ठेवून, पाच वॅटच्या आत, दोन-तीन सेकंदच करा.

मीटर डब्याजवळ ठेवायचं कारण केबल. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ च्या २० मीटरमध्ये सुमारे ४ डीबी जातात. पलीकडच्या टोकाला काहीही जोडलं नसलं, तरी जाताना ४ आणि परतताना ४ डीबी गळून रिगपाशी एसडब्ल्यूआर २.३ च्या आसपासच दिसतो. लोक त्याला ‘थोडा ट्यून करायला हवा’ म्हणतात, आणि वर कनेक्टर सुटून लोंबकळत असतो.

केबलमध्येही फसवणूक आहे, आणि ती जास्त सर्रास होते. आरजी-२१३ लिहिलेल्या केबलची बाहेरची जाडी १०.३ मिलिमीटर भरली पाहिजे आणि आत तांब्याचे सात पदर हवेत. विकत घेण्यापूर्वी एक वीत तुकडा मागून सोला. जाळीतून आतलं पांढरं प्लास्टिक चाळणीतून दिसावं तसं दिसत असेल, तर परत करा. मधली तार ब्लेडने खरवडा : तांब्याखाली चंदेरी धातू निघाला तर ती ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, चुंबक चिकटला तर पोलादावर. जाळी ॲल्युमिनिअमची असली की डाग बसतच नाही, सोल्डरचा मणी घरंगळून पडतो. टीव्हीची आरजी-६ ७५ ओहमची असते. ती ‘हॅम केबल’ म्हणून चढ्या भावाने घेऊ नका. स्वस्तात माहीत असून वापरली तर ४० मीटरवर काही बिघडत नाही.

गेनच्या, म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याच्या, आकड्यावर थोडक्यात. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा मोकळ्या अवकाशातला गेन २.१५ डीबीआय (सगळीकडे सारखं सोडणाऱ्या कल्पित अँटेनाच्या तुलनेत). लांबी दुप्पट केली की फार तर ३ डीबी वाढतात. म्हणून १४५ मेगाहर्ट्झसाठी एक मीटरच्या काठीवर ९ डीबी लिहिलं असेल, तर तो आकडा खोटाच.

आता पहिला अँटेना कोणता लावावा. आमचं ठाम मत : ४० मीटरचा डायपोल, उलट्या व्हीच्या आकारात, स्वतः बनवलेला. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१, म्हणजे एकूण सुमारे २०.१ मीटर तार. घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. प्लास्टिकच्या आवरणामुळे ती थोड्या खालच्या फ्रिक्वेन्सीला बोलते, तरी सुरुवातीला प्रत्येक बाजू १०.४ मीटर घ्या आणि टोकं कापण्याऐवजी मागे दुमडून बांधा. समजा एसडब्ल्यूआर ६.९ वर सगळ्यात कमी आला, तर ७.१ ला आणायला लांबी तीन टक्क्यांनी घटवायची, प्रत्येक बाजूला साधारण ३० सेंटिमीटर. हाच अँटेना २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो. मध्यावर एफटी२४०-४३ फेराइट रिंगवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे घालून चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी कॉइल) करा, नाहीतर केबलची जाळीच अँटेना होते आणि घरातला सगळा कचरा रिगमध्ये आणते.

सोलापुरातल्या दुमजली घराची गच्ची ९ बाय १२ मीटर धरली, तर तिचा कर्ण १५ मीटर भरतो. जिन्याच्या खोलीला धरून मधला खांब स्लॅबपासून ५ मीटर उंच उभा करा, दोन्ही टोकं कोपऱ्यांत अडीच मीटरच्या काठ्यांवर न्या. प्रत्येक बाजूची दोनेक मीटर तार उरते, ती कठड्याला समांतर त्याच उंचीवर वळवा. खाली सोडू नका. प्रसारण चालू असताना टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि वाळवण घालायला आलेल्या माणसाचा हात भाजतो. पुढच्या मजल्यासाठी पिलरच्या सळया वर ठेवलेल्या असतात, त्यांना तार बांधायचा मोह टाळा. सळई खालच्या लोखंडाशी जोडलेली असते. ‘गच्चीवर कुठेही टाका’ हे तर अजिबात ऐकू नका, कारण स्लॅबवर पसरलेली तार आतल्या सळयांच्या जाळीला शक्ती देऊन मोकळी होते. एवढ्या उंचीवरचा डायपोल बहुतेक शक्ती आकाशाकडे टाकतो. पुणे आणि हैदराबाद दोन्ही अडीचशे-तीनशे किलोमीटरवर असल्याने दिवसा ७ मेगाहर्ट्झला नेमकं तेच हवं.

खांब उभा करण्यापूर्वी सेलवर चालणारा एएम रेडिओ कुठलंही स्टेशन लागत नाही अशा जागी लावून गच्चीभर फिरा. यंत्रमागांच्या भागात मोटर आणि स्टार्टरची खरखर, सोलर इन्व्हर्टरजवळचा गुणगुणाट, शेजारच्या एलईडीचा आवाज कुठे वाढतो ते पाच मिनिटांत कळतं. त्याच बाजूला तारेचं टोक नेऊ नका. जुन्या पेठांत महावितरणच्या तारा गॅलरीला खेटून जातात. खांब कसाही पडला तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं, खांबाच्या उंचीच्या दीडपट तरी. होटगी रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी उंचीची चौकशी आधी करावी. २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी पाडली गेली, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. नायलॉनची दोरी इथल्या उन्हात लवकर कुजते, दर उन्हाळ्याआधी तपासा. वळवाचे ढग दिसले की केबल रिगपासून काढून खिडकीबाहेर ठेवा.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या दिवशीच हालचाल करा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं जपून ठेवा. पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर, माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, सोलापूरचा आयोग चालतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, मल्टीमीटरचं वाचन त्यातच दाखवा. आणि डबा उघडल्यावर रागाच्या भरात रेझिस्टरांची ती ओळ उपटून काढू नका. तार, सॉकेट, एम-सीलचे तुकडे, सगळं आहे तसं एका पिशवीत बांधून ठेवा.